कोल्हापुरात नवे आहात? संग्रहालयाच्या कार्यक्रमाला असे जा

नऊ वर्षांपूर्वी नांदेडहून कोल्हापुरात राहायला आले, तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी सांगितल्या. दूध कुठल्या डेअरीवरून आणायचं, अंबाबाईला शुक्रवारी जायचं असेल तर रांगेची तयारी ठेवायची, आणि टाऊन हॉलमधलं संग्रहालय बघितलं नसेल तर बघून यायचं. पहिल्या दोन्ही लगेच पाळल्या. तिसरीसाठी सोमवारी गेले. सोमवारी संग्रहालय बंद. फाटकाशी बसलेले आजोबा म्हणाले, "उद्या या की! दोन हजार वर्षं थांबलंय ते, कुठं जातंय?"

नव्या माणसानं पहिली नोंद ही करून ठेवावी. सोमवार सोडायचा, शासकीय सुट्टी सोडायची, आणि बंद व्हायच्या वेळेआधी निदान दीड तास हातात राहील असं जायचं. वेळ फाटकावरच्या पाटीवर लिहिलेली असते. तिकीट किरकोळ असतं, पण सुट्टे पैसे जवळ ठेवा.

हा लेख संग्रहालयापेक्षा तिथल्या आणि आसपासच्या कार्यक्रमांबद्दल जास्त आहे. व्याख्यानं, प्रदर्शनं, पायी फेऱ्या, मोडी लिपीचे वर्ग. असल्या गोष्टींना कसं जायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शहरात ओळख नाही, आडनावावरून गाव विचारणारे दहा जण, आणि सभागृहात शिरल्यावर सगळे एकमेकांना 'काय भावा' म्हणणारे. पहिल्या दोन कार्यक्रमांना मी मागच्या दारापाशी उभी राहून परतले होते.

आधी जागा ओळखून घ्या

टाऊन हॉल म्हणजे भाऊसिंगजी रोडवरची, सीपीआर रुग्णालयाजवळची दगडी इमारत. टोकदार मनोरे, उतरतं छप्पर आणि भोवती बाग. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याचा, ज्यानं पुढं नवा राजवाडाही आखला. संग्रहालय या इमारतीत नंतर आलं. १९४५-४६ साली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू ठेवायच्या कुठं, या गरजेतून संग्रहालय उभं राहिलं, आणि १९४९ साली ते टाऊन हॉलमध्ये आलं. अंबाबाईच्या देवळाकडून शिवाजी चौक, महापालिका असं चालत आलात तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रिक्षावाल्याला 'सीपीआर' म्हटलं की झालं.

बाकीच्या जागा थोडक्यात. नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला. तिथं छत्रपती घराण्याचं संग्रहालय आहे, पर्यटकांची गर्दी असते, शांतपणे बघायचं तर सकाळी लवकर. कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास राजवाडा हे राजर्षी शाहू महाराजांचं जन्मस्थान. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या घरातच त्यांचं कलासंग्रहालय आहे. तिथली पावडर शेडिंगची निसर्गचित्रं बघायला मी पाहुण्यांना हमखास नेते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालय आहे.

आणि एक जागा जी संग्रहालय नाही, पण जिच्यावाचून इथलं काही घडत नाही: दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन. व्याख्यान असो, चित्रप्रदर्शन असो, नाण्यांचं प्रदर्शन असो, फिरून फिरून तिथंच येतं. ते भवन आणि टाऊन हॉल एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे एका संध्याकाळी दोन्हीकडं डोकावता येतं.

कार्यक्रमाआधी एकदा एकटं जा, आणि एकच वस्तू निवडा

या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं करा.

कुठल्याही व्याख्यानाला थेट गेलात तर वक्ता सातवाहन, शिलाहार, यादव असं भराभर सांगत जातो आणि आपण माना डोलवतो. पण आधी एखादी वस्तू नीट बघून, तिच्यापाशी अडून, मनात एक प्रश्न घेऊन गेलात की तेच व्याख्यान वेगळं ऐकू येतं. सगळं संग्रहालय एका फेरीत 'करून टाकायचं' हा हट्ट सोडा. आपण देवदर्शनही तसंच करतो म्हणा, पण इथं मागून ढकलणारं कुणी नसतं.

माझी वस्तू होती ब्रह्मपुरीला सापडलेली काशाची एक छोटी मूर्ती. उघड्या अंगाचा, दाढीवाला पुरुष, एक हात वर. मला वाटलं, कुणीतरी स्थानिक देव असेल, खंडोबाचं जुनं रूप वगैरे. पाटीवर नाव होतं पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव! समुद्र कोल्हापूरपासून घाट उतरून शंभर किलोमीटरहून लांब, मग हा इथं पंचगंगेच्या काठी काय करत होता? हा प्रश्न मी दोन महिने घेऊन फिरले. उत्तर एका व्याख्यानात मिळालं. सातवाहनांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत रोमन जहाजं यायची, माल घाटवाटांनी वर चढायचा, आणि करवीर, म्हणजे जुनं कोल्हापूर, त्या वाटेवरच्या श्रीमंत वस्त्यांपैकी एक. मूर्तीबरोबर काशाची भांडी आणि आरसाही सापडला होता. हे तिथं बसलेल्या शंभर जणांनी ऐकलं. मला मात्र कुणीतरी माझ्या पत्राला उत्तर दिल्यासारखं वाटलं.

तुमची वस्तू दुसरी असू शकेल. एखादा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), एखादा ताम्रपट, नाहीतर चित्र. चित्रांची आवड असेल तर आबालाल रहमान यांच्या चित्रांपाशी थांबा. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार, कोटितीर्थ तळ्यापाशी राहायचा. महाराज गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं तळ्यात बुडवली असं कोल्हापुरात सांगतात. खरंखोटं कसंही असो, ही गोष्ट ऐकून मग चित्राकडं बघा.

छोटी वही ठेवा. वस्तूचं नाव, पाटीवरचा मजकूर आणि आपला प्रश्न, तीन ओळी पुरेत. पेन्सिलीनं एक वेडंवाकडं रेखाटन करा. चित्र वाईट आलं तरी काढताना जे दिसतं ते फोटोत कधीच दिसत नाही. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि फ्लॅश बंद.

कार्यक्रम कळणार कसे?

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे स्थानिक दैनिकाचं आतलं पान, जिथं 'आज शहरात' अशा धाटणीचं सदर असतं. दुसरी, शाहू स्मारक भवनाच्या दारातला फलक. तिसरी, करवीर नगर वाचन मंदिर. हे वाचनालय १८५० सालचं आहे आणि तिथं वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना शहरातल्या प्रत्येक सभेची खबर असते. समाजमाध्यमांवर पत्रिका फिरतात, पण त्यातली निम्मी कार्यक्रम झाल्यावर पोचतात.

काही तारखा मात्र कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. या दिवसांत शस्त्रं, नाणी, किल्ल्यांची छायाचित्रं अशी प्रदर्शनं आणि भाषणं होतात. त्यातही नव्या माणसानं नोव्हेंबर धरावा: पाऊस सरलेला, दिवाळी आटोपलेली, आणि आठवडाभर काही ना काही चालू असल्यानं एक दिवस हुकला तरी दुसरा हाती लागतो.

खास कोल्हापूरच्या तारखा दोन. २६ जून, शाहू जयंती, राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतात. आणि ६ मे, महाराजांचा स्मृतिदिन. २०२२ साली त्यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा सकाळी दहा वाजता हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. मी तेव्हा राजारामपुरीत भाजी घेत होते. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला, रिक्षा थांबल्या, आणि मेथीची जुडी हातात धरून मी उभी राहिले. मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा आदेश मी शाळेत पाठ केला होता. तो कुणाच्या घरापर्यंत पोचला होता, हे त्या शंभर सेकंदांत कळलं. या दोन तारखांच्या आसपासची व्याख्यानं चुकवू नका. ती भरतात, म्हणून लवकर जा.

व्याख्यानाचा दिवस

पत्रिकेवर साडेपाच असेल तर पावणेसहाला सुरू होईल असं धरा. तरीही साडेपाचलाच जा. मधल्या पंधरा मिनिटांत प्रदर्शन शांतपणे बघून होतं आणि शेजारी बसणाऱ्याशी दोन शब्दही होतात.

पहिल्या दोन रांगा मान्यवरांच्या. तिथं बसलात तर कुणी उठवणार नाही, पण कुणीतरी थोरलं माणूस आलं की तुम्हालाच अवघडेल. तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेची खुर्ची धरावी. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, पुस्तक भेट. सत्काराला अर्धा तास जातो. मला आधी याचा फार राग यायचा. नंतर लक्षात आलं की शहरात कोण कुणाला मान देतं, कोण कुठल्या तालमीचं, कुणाच्या घरात जुने कागद आहेत, हे सगळं त्या अर्ध्या तासातच कळतं. आता मी सत्कार लक्ष देऊन ऐकते. तरी तो दहा मिनिटांत आटपावा, या मतावर मी ठाम आहे.

प्रश्न विचारायचा असेल तर चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि एकच विचारा. 'मला प्रश्न नाही, पण थोडं सांगायचंय' म्हणून उठणारे दोघं-तिघं प्रत्येक सभेला असतात. त्यांच्या आधी हात वर करा. इथली भाषा मोकळी आहे. बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, आणि कुणी खणखणीत आवाजात 'काय ओ, तुमी कुठलं?' असं विचारलं तर ते भांडण नसतं, चौकशी असते. गावाचं नाव सांगा. पुढचा प्रश्न हमखास 'मग हिकडं कसं काय?' हा असतो, आणि ओळख तिथून सुरू होते.

कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका. खरा कार्यक्रम चहाच्या टेबलापाशी असतो. व्यासपीठावर सावध बोलणारे अभ्यासक तिथं मोकळे होतात. पोसायडनचं पुढचं मला तिथंच कळलं: ब्रह्मपुरी टेकडी आजही आहे, पंचगंगेच्या काठी, चालत जाता येतं.

पायी फेरीला जाताना

वारसा फेरी बहुतेक वेळा सकाळी साडेसहा-सातला निघते. भवानी मंडप, जुना राजवाडा, देवळाचा परिसर, बिनखांबी गणेश, खासबाग मैदान, अशी जुन्या शहराची वाट असते. बूट असे घाला की पटकन काढता येतील, कारण देवळाशी ते काढावेच लागतात. मोबाइल आत काढण्याआधी नियम विचारा. नवरात्रात फेरीचा नाद करू नका, गर्दीत सांगणाऱ्याचा आवाजच पोचत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये छत्री नको, रेनकोट घ्या. पंचवीस छत्र्या एका गल्लीत उघडल्या की पुढचं काही दिसत नाही.

खासबागेत मात्र जरा रेंगाळा. १९०२ साली शाहू महाराज युरोपला गेले, रोमचा पुराणा आखाडा त्यांनी पाहिला, आणि कुस्तीसाठी असंच गोल, खोलगट मैदान इथं बांधून घेतलं. कडेच्या शेवटच्या पायरीवर बसून बघा. मधल्या हौद्यात काय चाललंय ते तिथूनही स्पष्ट दिसतं. शेजारीच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं, आणि दुसऱ्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे सुतकातल्यासारखे होते. फेरीत त्याचा विषय निघाला तर मध्ये बोलू नका, ऐकून घ्या.

शिवजयंतीला कुठं मर्दानी खेळांचं प्रात्यक्षिक असेल तर मुलांना घेऊन जा, फक्त आखलेल्या रेषेच्या बाहेर उभे राहा. दांडपट्टा फिरवणाऱ्याचा हात आणि पात्याची लांबी मिळून घेर केवढा होतो, याचा अंदाज पहिल्यांदा बघणाऱ्याला येत नाही.

मोडी

एक-दोन कार्यक्रम झाले की कुणीतरी तुम्हाला मोडी शिकायला सांगेल. शिका. कोल्हापुरात शासनाचं पुराभिलेखागार आहे, करवीर संस्थानचे कागद तिथं आहेत, आणि ते वाचणारे हात कमी आहेत. वर्ग लागला की नाव नोंदवा. पहिले चार दिवस सगळं एकाच रेघेला लटकलेलं दिसतं, पाचव्या दिवशी 'श्री' ओळखू येतो.

घरात जुनं काही असेल तर

नाण्यांच्या किंवा शस्त्रांच्या प्रदर्शनात लोक घरच्या वस्तू खिशात घालून आणतात आणि जाणकारांना दाखवतात. तुम्हीही नेऊ शकता, पण नेण्याआधी एक पाळा: घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, राख, काही नको. आमच्या इमारतीतल्या एका हौशी माणसानं आजोळचं तांब्याचं नाणं रात्रभर चिंचेत घालून सकाळी लखलखीत केलं. जाणकारांनी ते हातात घेतलं, भिंगातून बघितलं आणि हळूच परत दिलं. अक्षरंच गेली होती. शेतात सापडलेल्या मूर्तीला शेंदूर लावणं हाही त्यातलाच प्रकार, फक्त त्यात भक्ती असते म्हणून कुणी बोलत नाही.

दुसरं कायद्याचं. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किमतीची मर्यादा अजून दहा रुपयांचीच आहे, म्हणजे जवळजवळ सगळंच आलं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. म्हणून कुणी 'ताई, विकायचं का?' म्हणून हळूच जवळ आला तर तिथून सरका.

वस्तूइतकंच महत्त्व ती कुठं सापडली याला असतं. खापराचा तुकडा एकटा मुका असतो. कुठल्या जागी, किती खोल, सोबत काय होतं, हे कळलं तर तो बोलतो. हे चार शब्द चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

हातभार लावायचा असेल तर

तीन-चार कार्यक्रमांना तोंड दिसलं की खुर्च्या लावायला, नोंदणीच्या टेबलावर बसायला, शाळेच्या मुलांना रांगेनं फिरवायला माणसं हवीच असतात. आपणहून विचारा. मुलांच्या शाळेची भेट ठरवायची असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र अभिरक्षकांच्या (संग्रहालय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) नावे, दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. तारीख, मुलांची संख्या, इयत्ता आणि सोबतचे शिक्षक एवढं त्यात असावं. साठ मुलं एकदम नेऊ नका. वीस-वीसच्या गटांनी न्या, बाकीची बागेत तोफा मोजत बसतात. आणि प्रत्येक मुलाला एकच काम द्या: एक वस्तू निवड, तिला एक प्रश्न विचार. मी नेलेल्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं पोसायडनसाठी लिहिलं होतं, 'तुला थंडी वाजत नाही का?'

त्याच भेटीनंतर आठवड्याभरानं व्याख्यानाच्या चहाला एक वयस्कर गृहस्थ भेटले. राहायला ब्रह्मपुरीच्या बाजूलाच. घराच्या मागं नळाची चर खणताना खापरं निघतात म्हणाले, आजवर टाकूनच दिली. मी त्यांना नाण्याची आणि चिंचेची गोष्ट सांगितली. पुढच्या कार्यक्रमाला ते दुधाच्या पिशवीत गुंडाळून एक लाल, गुळगुळीत तुकडा घेऊन आले. माती तशीच होती. सोबत नातवाच्या वहीचा फाडलेला कागद, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'न्हाणीच्या मागं, दोन हात खोल, शेजारी कोळसा. धुतलेलं नाही.'